गाठींसाठी आलेली गाडी
रुळांकाठची गावं : भाग सहावा

मारेगावात रेल्वे कधी आलीच नाही. इथल्या माणसाला गाडी धरायची तर आधी वणी गाठावी लागते. मागच्या भागात वणी-माजरीचे कोळशाचे रूळ पाहिले. आज यवतमाळ जिल्ह्याच्या पार दुसऱ्या अंगाला जाऊ, कापसाच्या रुळांकडे.

1867 साली मुंबईहून निघालेले रूळ नागपूरला पोचले, पण मूर्तिजापूर, बडनेरा असं करत. यवतमाळचा कापूस मागे, बैलबंडीत राहिला. तो उचलायला किलिक निक्सन कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूर-यवतमाळ आणि मूर्तिजापूर-अचलपूर असे अरुंद रूळ टाकले. रुंदी अडीच फूट. मुख्य मार्गाची साडेपाच. अरुंद मार्ग स्वस्तात होतो, एवढाच त्यात हिशेब. या रुळांवरची गाडी, हीच ती आपली शकुंतला.

दारव्ह्याचं मोतीबाग स्टेशन पाहा. तिथून पुसदकडेही फाटा होता, म्हणजे चांगलं जंक्शन. इंजिनाला पाणी पाजायचं, सांधे बदलायचे, जिनिंग-प्रेसिंगमधून आलेल्या गाठी डब्यात चढवायच्या. गाडी आली की हाताला काम. आणि मूर्तिजापुरात तर दुप्पट, कारण रुळांची रुंदी जुळत नाही! लहान डब्यातली प्रत्येक गाठ हमालांनी उतरवायची, मोठ्या डब्यात भरायची. त्या न जुळणाऱ्या तीन फुटांवर कित्येक चुली पेटल्या.

पुढे ट्रक आला. तो जिनच्या फाटकात उभा राहतो, गाठी भरतो आणि मुक्कामालाच उतरवतो. मग मूर्तिजापुरात दोनदा हमाली कोण देईल? ज्या खोटीवर वस्ती पोसली, तिनेच मालवाहतूक घालवली. पुसदचा फाटा उखडला गेला. स्वातंत्र्यानंतर देशातल्या बहुतेक रेल्वे सरकारच्या झाल्या, ही मात्र कंपनीचीच राहिली: गाडी रेल्वेने चालवायची, मोबदला कंपनीला द्यायचा. अशा घरभाड्याच्या संसारात भिंतीला चुना कोण लावतो?

तरीही 1921 साली मँचेस्टरला घडलेलं वाफेचं इंजिन 1923 पासून 15 एप्रिल 1994 पर्यंत ही गाडी ओढत राहिलं. नंतर डिझेल आलं, पण रूळ तेच. स्वस्त तिकिटावर बाजारहाट करणारी माणसं तेवढी उरली. गार्डच तिकीट फाडायचा आणि फाटकही लावायचा. मोतीबागेत गाठींचा आवाज राहिला नव्हता. गेल्या दशकात यवतमाळची गाडी थांबली, मागोमाग अचलपूरचीही.

28 फेब्रुवारी 2024 रोजी वर्धा-कळंब हा रुंद मार्ग सुरू झाला. तो यवतमाळवरून नांदेडला न्यायचा आहे, आणि आखलेली वाट दारव्हा, पुसद अशीच आहे. मारेगावकरांनी तूर्त वणीची बस धरावी.