खिळे, छर्रे आणि पडदा

पेण किंवा रोह्यात पिनबॉलचे यंत्र शोधायला निघालेला माणूस हात हलवीत परत येईल. काचेखाली उतरती रंगीत फळी, तिच्या खालच्या टोकाला बटणाने उडणारी दोन पाती, आत धावणारा पोलादी गोळा आणि समोर चढत जाणारे आकडे. शंभर किलोंहून जड असे हे धूड आपल्या बाजूला कुणी आणल्याचे माझ्या ऐकिवात नाही. तरी पिनबॉल म्हणजे काय, हे इथल्या चाळिशीपुढच्या माणसाला फार समजावून सांगावे लागत नाही, कारण त्याचा पूर्वज घरच्या माळ्यावर कॅरमच्या मागे उभा करून ठेवलेला असे. त्याचे नाव बॅगाटेल.

वरून अर्धगोल असलेली लाकडी फळी, तिच्यावर खिळ्यांची कुंपणे, कुंपणांच्या आत १००, ५००, १००० असे रंगाने लिहिलेले आकडे आणि उजव्या कडेला स्प्रिंगची दांडी. मे महिन्यात मुंबईची भावंडे गावी उतरली की हे खाली यायचे. सोबतचे गोळे पहिल्याच सुट्टीत हरवत; मग सायकलवाल्याकडून किंवा गॅरेजमधून बेअरिंगचे छर्रे आणायचे. भांडणाचे कारण ठरलेले असे. हजाराच्या खणाच्या तोंडाशी छर्रा घुटमळला की खेळणाऱ्याचा गुडघा हळूच फळीला लागायचा आणि बाकीचे ओरडायचे, "ए, बोर्ड हलवलास!"

व्हिडिओ गेमने सारे जग खिशात घातल्यावरही पिनबॉललाच चिकटून राहिलेली माणसे अमेरिकेत, युरोपात, जपानात हजारोंनी आहेत. त्यांना गेलेल्या काळाचे वेड आहे, असे म्हणून विषय संपवता येतो. मला ते पटत नाही. त्यांच्या आवडीमागची खरी कारणे त्या यंत्राच्या पोटात आहेत आणि आपल्या माळ्यावरच्या फळीतही आहेत.

आधी थोडा इतिहास. खेळ फ्रेंच दरबारातला. सोळाव्या लुईच्या धाकट्या भावाने १७७७ साली पॅरिसजवळ बागातेल नावाचा महाल बांधून राजाराणीला मेजवानी दिली, तेव्हा तिथे हा टेबलावरचा खेळ मांडला होता आणि महालाचे नाव खेळाला चिकटले, असे सांगतात. तेव्हा गोळा काठीने ढकलत. अमेरिकेत सिनसिनाटीच्या मॉन्टेग्यू रेडग्रेव्ह यांनी १८७१ साली स्प्रिंगच्या दट्ट्याचे पेटंट घेतले. आपल्या फळीची दांडी ती हीच. पुढे फाटे फुटले. जपानात फळी उभी झाली आणि पाचिंको जन्मला. अमेरिकेत तिला नाणे टाकायची खाच पडली. डेव्हिड गॉटलीब यांचा 'बॅफल बॉल' १९३१ साली, ऐन मंदीत आला आणि एका सेंटात काही गोळे उडवायला बेकारांची रीघ लागली. पाती मात्र १९४७ पर्यंत नव्हती. त्या वर्षी गॉटलीबच्याच 'हम्प्टी डम्प्टी'वर, हॅरी मॅब्स यांच्या आराखड्यात, ती प्रथम दिसली. तोवर स्प्रिंग सोडल्यावर पुढचे सगळे खिळ्यांच्या हाती असे. पात्यांमुळे खाली आलेला गोळा अडवता, थांबवता, नेमका हवा तिथे मारता येऊ लागला. आपले बॅगाटेल १९४७ च्या आधल्या पिनबॉलवर थांबले, एवढाच त्या दोघांत फरक.

हा फरक किरकोळ नाही, हे न्यूयॉर्कच्या खटाटोपावरून कळते. तिथले महापौर ला गार्डिया यांनी १९४२ साली पिनबॉलला जुगार ठरवून बंदी घातली आणि जप्त केलेल्या यंत्रांवर स्वतः घण घातले. बंदी चौतीस वर्षे टिकली. १९७६ साली रॉजर शार्प या तरुण लेखकाने नगर परिषदेच्या समितीसमोर यंत्र लावून खेळून दाखवले. ऐनवेळी एका सदस्याने शंका काढली आणि त्याला सरावाचे यंत्र सोडून दुसऱ्यावर खेळायला लावले. गोळा वरच्या कोणत्या वाटेने जाईल हे शार्पने आधी सांगितले, दांडी खेचली आणि गोळा त्याच वाटेने गेला. बंदी उठली. नशीब किती आणि कसब किती, हा वाद आपल्याकडेही मुंबई राज्याच्या एका बक्षीस-कोड्यांच्या खटल्यातून १९५७ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. चमारबागवाला खटला म्हणून वकील मंडळी आजही त्याचा दाखला देतात: यश मुख्यतः कसबावर असेल तर तो जुगार नव्हे. पुढे १९९५ साली, कर्नाटकातून आलेल्या शिवानी खटल्यात, त्याच न्यायालयाने व्हिडिओ गेमच्या दुकानांना परवाना लागणे योग्य ठरवले. म्हणजे अमेरिकेत संशय गोळ्यावर होता, आपल्याकडे पडद्यावर. हा योगायोग मला गमतीचा वाटतो.

पडदा आला तो 'स्पेस इन्व्हेडर्स' (१९७८) आणि 'पॅक-मॅन' (१९८०) यांच्या लाटेवर. आपल्या तालुक्यांच्या गावांत तो पोचला नव्वदीत. एस.टी. स्थानकाजवळ किंवा बाजारात एखादा काळोखा गाळा, दाराला पडदा, आत चार-पाच खोकी आणि गल्ल्यावर नाण्यांची चळत. 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' हे १९९३ सालच्या त्या खेळाचे खरे नाव कुणीच घेत नसे. त्यातल्या एका पात्रावरून सगळा महाराष्ट्र त्याला 'मुस्तफा' म्हणत होता. दप्तर पाठीला लावून पोरे तिथे उभी असत आणि मास्तर त्यांना शोधत असत. मुस्तफाच्या वाट्याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे: तिघांना एकत्र खेळता येई आणि त्यात गोष्ट होती. फळीवर गोष्ट नसते.

पण काही महिन्यांनी त्या गाळ्यात एक वेगळीच गंमत दिसे. सरावलेला पोरगा पडद्याकडे न बघितल्यासारखा खेळे. गुंड कुठून येणार, कोणत्या पिंपात खाऊ दडला आहे, हे सगळे त्याला पाठ. 'पॅक-मॅन'चे तर हे गणितानेच सिद्ध आहे. त्यातली भुते तुमच्या चालीला ठरलेले उत्तर देतात. तीच वळणे त्याच क्षणी घेतली तर तीही दरवेळी तशीच वागतात. खेळाडूंनी रस्ते पाठ केले आणि एका नाण्यावर तासन्‌तास खेळू लागले. 'मिस पॅक-मॅन'मध्ये भुतांच्या चालीत मुद्दाम थोडी अनिश्चितता घालावी लागली ती म्हणूनच. पडद्यावरचे नशीबही कुणीतरी बसून लिहिलेले असते.

पिनबॉलचा गोळा पाठ होत नाही. सुमारे ८० ग्रॅम वजन, २७ मिलिमीटर व्यास आणि साडेसहा अंशांचा उतार. रबराला लागताना केसभर फरक पडला की पुढच्या सेकंदाला तो भलत्याच कोपऱ्यात असतो. त्याला कुणी वागायला शिकवलेले नाही. तो फक्त पडत असतो. पिनबॉलवाल्यांच्या आवडीचे पहिले कारण हे, आणि माझ्या मते सर्वांत मोठेही हेच. हरल्यावर यंत्र लिहिणाऱ्याला शिव्या घालण्याची सोय इथे नाही.

याचा उलटा पुरावा संगणकातच सापडतो. एम.एस.-सी.आय.टी.च्या वर्गात बसलेल्या पिढीने पिनबॉल पाहिला तो 'विंडोज एक्स.पी.'मध्ये. सर बाहेर गेले की निळ्या-जांभळ्या अंतराळातली ती 'स्पेस कॅडेट'ची फळी उघडायची. पुढच्या 'व्हिस्टा'त ती गायब झाली. मायक्रोसॉफ्टचे रेमंड चेन यांनी त्यामागचे कारण लिहून ठेवले आहे: खेळ ६४ बिटच्या पद्धतीत नेला तर गोळा दट्ट्यातून, जमिनीतून आरपार खाली पडू लागला. दोष कुठे आहे तो सापडेना, म्हणून खेळच वगळला. पडद्यावरच्या गोळ्याला भिंत लागते ती आकडेमोडीने. आकडेमोड चुकली की भिंत संपली. खिळ्याच्या आरपार जाणारा छर्रा रोह्यात अजून कुणी पाहिलेला नाही.

दुसरे कारण अंगाचे. गोळा दोन पात्यांच्या मधून निसटतोय असे दिसले की पिनबॉलवाला हाताच्या तळव्याने यंत्राला हलका धक्का देतो. ही लबाडी नाही, खेळाचाच भाग आहे; फक्त मर्यादेत. यंत्राच्या पोटात धातूच्या कड्याच्या मधोमध एक लोलक टांगलेला असतो. धक्का जास्त झाला, लोलक कड्याला टेकला की विजेचे वर्तुळ पूर्ण होते, पाती मरतात आणि गोळा गेला. याला 'टिल्ट' म्हणतात. तीसच्या दशकात हॅरी विल्यम्स यांनी ती सोय केली. आपल्याकडे हे काम चुलत भावंडे आरडाओरडा करून करीत. लोलक निदान पक्षपात करीत नाही. व्हिडिओच्या खोक्याला कितीही लाथा घाला, आतल्या मुस्तफाला त्याचा पत्ता नसतो.

तिसरे कारण इथल्या माणसाला लवकर उमगावे. पेणच्या कारखान्यात एका साच्यातून शंभर गणपती निघतात, पण डोळ्यांची आखणी हाताने होते आणि तिथे मूर्ती वेगळी होते. पिनबॉलचे तसे आहे. 'अ‍ॅडम्स फॅमिली' हे १९९२ सालचे यंत्र वीस हजारांहून अधिक खपले, हा विक्रम. पण त्यातली दोन यंत्रे सारखी खेळत नाहीत. एकाचे डावे पाते थोडे मऊ, दुसऱ्याची फळी मेणाने गुळगुळीत, तिसऱ्याचे रबर उन्हाने कडक झालेले. खेळाडू खेळ शिकतो आणि शिवाय ते एक यंत्र शिकतो. पेणचा मुस्तफा आणि रोह्याचा मुस्तफा मात्र एकच.

कॅरम खेळणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. गणपतीत जागरणाला बोर्ड मांडला जातो तेव्हा बाहेर कोकणातला भाद्रपद असतो. लाकूड ओल धरते, स्ट्रायकर जड होतो. बोर्डावर उतरता दिवा टांगायचा, तो उजेडाला तसाच उबेलाही. बोरिक पावडर किती टाकायची यावर दोन पिढ्यांचे मतभेद. यजमानाला ठाऊक असते की कोणत्या कोपऱ्यात सोंगटी थोडी वळते, आणि पाहुणा तीन बोर्ड हरल्यावर ते शिकतो. मोबाइलवरच्या कॅरममध्ये दमटपणा नाही. बोट ठेवले की सोंगटी कुठे जाईल याची रेघ दिसते. ती रेघ डोक्यात आखता यावी म्हणून माणूस वर्षानुवर्षे बोर्डावर वाकतो. ती आयती मिळाल्यावर खेळायचे काय उरते, हे मला कळलेले नाही. लोकलमध्ये वेळ जातो, हे कबूल.

मग एवढे गुण असून पिनबॉल मागे का पडला? खेळणाऱ्यांनी त्याला टाकले नाही; दुकानदारांनी टाकले. एका यंत्रात शेकडो हलते भाग: गुंडाळ्या, स्विचे, दिवे, रबरे. गोळा फिरून फिरून फळीचा रंग खातो, रबर तडकते, पात्याची गुंडाळी जळते. दुरुस्ती करणारा माणूस हाताशी लागतो. व्हिडिओच्या खोक्यात दांडी आणि बटणे सोडली तर झिजायला काही नाही. जुना खेळ कंटाळवाणा झाला की आतला सर्किट बोर्ड बदलायचा, खोके तेच. नाण्यामागचा नफा पाहणाऱ्याने काय निवडावे, हे उघड आहे. विल्यम्स या बड्या कंपनीने १९९९ साली पिनबॉल बंद केला आणि काही वर्षे जगात स्टर्न ही जवळजवळ एकटीच कंपनी ही यंत्रे बनवत राहिली. आपल्याकडे तर त्यात परदेशी मालाची किंमत आणि कोकणची हवा. पावसाळ्यात कडीकोयंड्यांना गंज चढतो तिथे शेकडो स्विचांचे काय झाले असते?

पण लाकडी बॅगाटेल हरायला यातले एकही कारण पुरेसे नव्हते. त्याला वीज लागत नव्हती. लोडशेडिंगच्या वर्षांत गेमचे गाळे अंधारात बसत तेव्हा ते कंदिलावर चाले. दुरुस्ती म्हणजे वाकलेला खिळा हातोडीने सरळ करणे. ते गेले ते आपण बनवायचे थांबलो म्हणून, आणि बाजारात त्याच्या जागी आले ते प्लास्टिकचे, हातभर लांबीचे, दुसऱ्या दिवशी स्प्रिंग निसटणारे खेळणे. त्याला बॅगाटेल म्हणणे मला जड जाते.

म्हणून पेण-रोह्याच्या शाळांना आणि गणेशोत्सव मंडळांना एक विनंती. सजावटीच्या खर्चातून एक फळी करा. कार्यानुभवाच्या तासाला मुलांच्या हातात हातोडी द्या आणि खिळे कुठे ठोकायचे ते त्यांनाच ठरवू द्या. दोन खिळ्यांमधले अंतर बोटभर चुकले की खेळ सोपा होतो की अवघड, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळेल. दोन फूट लांब प्लायवूड पुरे. वरचे टोक पावणेतीन इंच उचलले की मोठ्या यंत्राचा साडेसहा अंशांचा उतार मिळतो. लहान मुलांसाठी दीड इंच ठेवा. छर्रे विकत आणू नका. गॅरेजमध्ये जुने बेअरिंग मागितले तर कुणी नाही म्हणत नाही, आणि एका बेअरिंगमधून सात-आठ सहज निघतात.