पथरीची सपाटी : काही रूढ गैरसमज

नाभिकाच्या धोकटीत कात्री, वस्तरा आणि चामोटे यांच्या शेजारी जी लहानशी पथरी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली, तिचेच आठ इंच लांब व तीन इंच रुंद असे मोठे भावंड आज हौशी मंडळींच्या मेजावर दिसू लागले आहे. आणि आकार वाढला तसे तिच्या सपाटीविषयीचे गैरसमजही वाढले आहेत. वस्तऱ्याची पाठ व धार ही दोन्ही पथरीवर एकाच वेळी टेकतात आणि पात्याचा कोन पाठीच्या जाडीनेच मुक्रर होतो. त्यामुळे कोन सांभाळण्याची जबाबदारी हातावर राहत नाही हे खरे. परंतु त्याच कारणाने, पृष्ठभागात काही दोष असल्यास तो सावरून घेण्याची मुभाही हाताला उरत नाही.

गैरसमज : नवी पथरी सपाटच असते, नसली तर नजरेला कळते.

वस्तुस्थिती : खाणीतून काढून कापलेल्या दगडावर करवतीचे वळ राहतात आणि भट्टीत भाजलेली कृत्रिम पथरी भाजताना किंचित वाकू शकते. नजरेच्या ग्वाहीवर न विसंबता पोलादी पट्टी कडेवर उभी धरून उजेडासमोर पाहावे. मिलिमीटरच्या शतांशाएवढ्या फटीतूनही प्रकाशाची रेघ डोकावते.

गैरसमज : लांबीतला आणि रुंदीतला खोलगटपणा सारखाच घातक.

वस्तुस्थिती : दोनशे मिलिमीटर लांबीच्या पथरीला मध्यभागी अर्ध्या मिलिमीटरचा खळगा पडला, तरी सोळा मिलिमीटर रुंदीच्या पात्याच्या कोनात त्यामुळे पडणारा फरक अंशाच्या विसाव्या हिश्शाहूनही कमी भरतो. याउलट पाते पथरीवर आडवे पडत असल्याने रुंदीत अवघ्या दशांश मिलिमीटरचा खळगा असला, तरी पात्याची दोन टोके तेवढी घासली जातात आणि मधली धार अधांतरी राहते. सुताराच्या पटाशीला लागू पडणारा दाखला वस्तऱ्याला जसाच्या तसा लावणे म्हणूनच युक्त नव्हे. येथे आधी रुंदी तपासावी, मग लांबी.

गैरसमज : लहान पट्टीही चिकाटीने फिरविली की मोठी पथरी सपाट होते.

वस्तुस्थिती : जिच्याकडून सपाटी घ्यावयाची, ती वस्तू स्वतः सपाट आणि पथरीहून लांबरुंद असावी, हा या कामातला पहिला जाबता होय. आठ इंची पथरीवर चार इंची हिऱ्याची पट्टी फिरविल्यास ती खळग्यात उतरते आणि त्याच्याच वळणाने चालू लागते. मोठ्या पथरीच्या बाबतीत क्रम उलटा ठेवावा : जाड काच किंवा ग्रॅनाइटची सरफेस प्लेट मेजावर स्थिर ठेवून तिच्यावर पाण्याने वॉटर पेपर बसवावा, पथरीवर पेन्सिलीच्या उभ्याआडव्या रेघा ओढाव्यात आणि पथरीच पालथी घालून घासावी, हाताचा दाब एकीकडे झुकतोच, म्हणून मधूनमधून तिची टोके बदलावीत. पाणी मात्र सोडू नये. अर्कान्सासचा दगड म्हणजे जवळजवळ शुद्ध अशी सूक्ष्मस्फटिकी गार, आणि तिची कोरडी धूळ फुप्फुसांना अपायकारक असते.

गैरसमज : रेघा पुसल्या की काम संपले.

वस्तुस्थिती : सर्व रेघा सारख्या पुसल्या गेल्या म्हणजे सपाटीची खातरजमा होते, पोताची नव्हे. बेल्जियममधील आर्देन प्रदेशात निघणाऱ्या कोटिक्यूल दगडात गार्नेटचे सूक्ष्म कण असतात आणि वस्तऱ्याला मऊ धार देण्याची त्याची कीर्ती त्यांवरच उभी आहे; परंतु जाड कागदाचे ओरखडे त्यावर तसेच ठेवले, तर त्या कणांच्या सूक्ष्मतेचा उपयोग होत नाही. म्हणून 220 क्रमांकानंतर 400 आणि त्याहून बारीक कागद वापरावा, व पथरीच्या तीक्ष्ण कडाही मारून घ्याव्यात.

गैरसमज : दोन पथऱ्या एकमेकींवर घासल्या की दोन्ही सपाट होतात.

वस्तुस्थिती : हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फसवा उपाय. घासताना वरचा दगड बाहेर सरकला की त्याच्या मध्यावर आणि खालच्याच्या कडांवर दाब वाढतो. परिणामी वरचा खोलगट आणि खालचा फुगीर होत जातो. दुर्बिणीचा आरसा घडविणारे काचेच्या दोन तबकड्यांमध्ये कारबोरंडमची पूड घालून ही वक्रता हेतुपुरस्सर साधतात. आपण मात्र दोन्ही पृष्ठभाग फटीविना जुळले हे पाहून समाधान पावतो. पण दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळल्या एवढ्यावरून त्या खऱ्या ठरत नाहीत. इंग्लंडचा यंत्रज्ञ जोसेफ व्हिटवर्थ याने 1840 साली ग्लासगो येथे सपाट धातुपृष्ठे सिद्ध करण्याच्या पद्धतीवर निबंध वाचला. त्या पद्धतीचे मर्म तिसऱ्या पृष्ठभागात आहे. पहिला दुसऱ्याशी, दुसरा तिसऱ्याशी आणि तिसरा पुन्हा पहिल्याशी असे आळीपाळीने जुळवीत गेले, तर खोलगटाला फुगीर जोडीदार प्रत्येक वेळी लाभत नाही. आणि तिन्ही जोड्या निर्दोष जुळल्या, तर ते तिन्ही पृष्ठभाग सपाटच असले पाहिजेत.