पाहुण्यांच्या चादरी, आपले हात

लोणावळ्यात शनिवार-रविवारी भाड्याने जाणाऱ्या बंगल्यांच्या चादरी आम्ही धुतो. सकाळी एक पाहुणा जातो, दुपारी दुसरा येतो. मालकाला चादर पांढरीशुभ्र हवी असते. तिच्यावर काय सांडले ते आधी आमच्या हातांना कळते.

म्हणून चादर झटकू नका. आतल्या बाजूला गुंडाळून थेट पिशवीत घाला. रक्ताचा डाग आधी थंड पाण्यात काढा, गरम पाण्यात तो पक्का बसतो. मग ६० अंशांच्या पाण्यात धुवा. ढेकूण आणि खरजेचे किडे त्यात मरतात.

खरी भीती ब्लीचची. डाग जाईना म्हणून काहीजणी त्यात संडास धुण्याचे ॲसिड ओततात. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो. ब्लीच एकटेच, थंड पाण्यात, दार-खिडकी उघडी ठेवून वापरा. हातात रबरी मोजे हवेत. ते मालकाकडे मागायचे, त्यात लाज कसली? काम त्याचे आहे.

इथल्या पावसात चादर दोन-दोन दिवस वाळत नाही, आणि ओलसर घडीला बुरशीचा वास धरतो. तीन जोड लागतात: एक पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. अंथरताना अभ्र्याचे उघडे तोंड दारापासून पलीकडे ठेवा, एवढ्यानेच पलंग नीटनेटका दिसतो.

बोटांच्या बेचक्यांत रात्री खाज सुटली तर सरकारी दवाखाना गाठा. खरजेचे मलम खाज नसली तरी घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचे असते.