बिनइंधनाचा जनरेटर आणि वाया जाणारी उष्णता

मोटरने अल्टरनेटर फिरवायचा, त्याची वीज पुन्हा मोटरला द्यायची आणि उरलेल्या विजेवर घर चालवायचं, असे व्हिडिओ मोबाइलवर सतत फिरत असतात. वीजबिलाने वैतागलेला माणूस त्यावर विश्वास ठेवून पदरचे पैसे घालवू शकतो, म्हणून हिशेब मांडायलाच हवा. मोटरला १,००० वॉट दिले आणि तिची कार्यक्षमता ९० टक्के धरली, तर शाफ्टवर ९०० वॉट मिळतात. अल्टरनेटरही तितकाच चांगला धरला, तर हाती येतात ८१० वॉट. पट्ट्याचं घसरणं यात धरलेलंच नाही. बाकीचे १९० वॉट कुठे गेले, हे दोन्ही यंत्रांच्या तापलेल्या बॉडीवरून कळतं: तांब्याच्या वेटोळ्यांत, लोखंडी गाभ्यात, बेअरिंगमध्ये त्यांची उष्णता झाली. ८१० वॉटवर हे चक्र टिकत नाही, घर चालवणं तर दूरच.

कल्पना मात्र जुनी आहे. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’त पारा भरलेल्या आऱ्यांच्या, आपोआप फिरणाऱ्या चाकाचं वर्णन केलं होतं. १७७५ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीने मात्र अशा यंत्रांचे प्रस्ताव तपासायचेच नाहीत, असं ठरवलं.

‘घर्षण काढून टाकलं की शंभर टक्के मिळतील’ हा समज जास्त पसरलेला आहे, आणि शिकलेल्या लोकांतही. मोठ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये वीज वाहून नेणारा एकही भाग फिरत नाही, त्याची कार्यक्षमता ९९ टक्क्यांच्याही पुढे जाते. तरी तो तापतोच. उष्णतेवर चालणाऱ्या यंत्रांची अडचण तर याहून खोल आहे. ती फ्रान्सच्या सादी कार्नोने १८२४ साली दाखवून दिली. कोळशावरच्या वीजकेंद्रात वाफ साधारण ५४० अंश सेल्सिअसला टर्बाइनमध्ये शिरते आणि कंडेन्सरमध्ये ४० अंशांच्या आसपास तिचं पाणी होतं. या दोन तापमानांमध्ये चालणारं, घर्षणाचा लवलेशही नसलेलं यंत्रसुद्धा ६१-६२ टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाही. वाफ दुसऱ्या टोकाला थंड झाली नाही, तर टर्बाइनच्या दोन्ही बाजूंना सारखाच दाब राहील आणि पाती फिरणारच नाहीत. म्हणजे थोडी उष्णता बाहेर टाकणं हा यंत्राच्या कामाचाच भाग आहे. प्रत्यक्षात अशा केंद्रांना साधारण ३५ ते ४० टक्केच साधतात. रुंद शीतन मनोऱ्यांतून निघणारे पांढरे लोट लोकांना धूर वाटतात. ती असते पाण्याची वाफ आणि बारीक थेंब, याच टाकून दिलेल्या उष्णतेने उठलेले.

एसी एका युनिट विजेत तीन-चार युनिट उष्णता बाहेर काढतो, मग तो तीनशे टक्के कार्यक्षम झाला का? नाही. तो खोलीतली उष्णता फक्त बाहेर नेतो, नवी ऊर्जा तयार करत नाही.

पण ‘तोटा अटळ आहे, मग सुधारणा कशाला?’ हेही चूकच. छताचा जुना पंखा साधारण ७५ वॉट घेतो. बीएलडीसी मोटरचा पंखा जवळपास तेवढाच वारा ३० वॉटच्या आसपास देतो. मधले ४५ वॉट कार्नोच्या मर्यादेमुळे जात नव्हते, जुन्या मोटरच्या बनावटीमुळे जात होते.