पलंगाखालचा तुकडा

आमच्या मुलुंडच्या घरात गालिचा आला, तो काही ऐटीसाठी नव्हे. १९९६च्या पावसाळ्यात दमट मोझॅक लादीवर आईचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर निजायच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा अंथरला. मुंबईच्या हवेला ही चीज मानवत नाही. पावसाळाभर कुबट वास आणि धूळ तर बारमाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाने भिजून शिळेसारखा जड झालेला गालिचा चौघांच्या मदतीने बाहेर काढला होता. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, म्हणून आमचा वाचला.

यंदा दिवाळीनंतर खोलीची डागडुजी काढली. पलंगाच्या उशालगतचं छोटं कपाट वाळवीने पोखरलं होतं, ते उखडलं. गालिचा त्या कपाटाभोवती कापून बसवलेला. त्यामुळे खाली दीड फूट बाय एक फूट लादी उघडी पडली, तीही नेमकी रात्री उठताना पाय टेकतो तिथे. मुलगा फोनवर म्हणाला, ‘‘बाबा, सगळंच काढा आणि छान चकचकीत टाइल्स घाला.’’ त्या ‘चकचकीत’नेच माझ्या छातीत धस्स झालं. हिचे गुडघे आता आईच्याच वाटेने निघाले आहेत.

गालिच्याचं एक सूत घेऊन घाटकोपरच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने काडी ओढून ते जाळलं. लोकर असती तर केस जळल्याचा वास येऊन राख झाली असती. याचा वितळून टणक मणी झाला. ‘‘नायलॉन आहे काका. हा रंग आता कुठला मिळायला? पलंगाखाली बघा!’’

पलंगाखाली! बँकेत इतकी वर्षं एका खात्यातून दुसऱ्या खात्यात नोंदी फिरवल्या, पण हे सुचलं नव्हतं. रविवारच्या पुरवणीचं पान उघड्या जागेवर ठेवून नेमका साचा कापला. पलंग सरकवून, गालिचा कोपऱ्यातून उलटून, मागच्या बाजूने पोलादी पट्टी धरून कटर चालवला. वरून कापलं तर लव कापली जाते, हे आधी एका कोपऱ्यावर शिकून घेतलं. तुकडा बसवला, तर दारातून काळपट दिसे आणि खिडकीतून फिका. ही दारातूनच म्हणाली, ‘‘अहो, मखमलीचा ब्लाऊज शिवताना शिंपी लव कुठे झुकते ते आधी बघतो. तुमचा तुकडा उलटा लागलाय.’’ हात फिरवून पाहिलं. खरंच! अर्धी गिरकी दिली आणि तुकडा गालिच्यात मिसळला.

आता खरं काम कडांचं. गालिचा घसरण्यापासून वाचवतो, पण सुटलेल्या कडेत अंगठा अडकला तर तोच पाडतो. लादी पुसून पुरती कोरडी केली. सांध्याखाली दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी अशी लावली, की निम्मी जुन्या गालिच्याखाली आणि निम्मी तुकड्याखाली जावी. कडा भिडवल्या, वर आलेले धागे कात्रीने छाटले आणि रात्रभर पाटा-वरवंटा वर ठेवला.

एक गोष्ट मात्र जमली नाही. इतकी वर्षं पलंगाखाली ना ऊन लागलं, ना पाऊल पडलं, म्हणून तो तुकडा अजून कोरा करकरीत आहे. जुन्या धोतराला नव्या कापडाचं ठिगळ दिसावं तसा तो दिसतो. मुलाने फोटो पाहून तेच सांगितलं. असू दे. ऊन आणि पावलं मिळून तो हिशेब हळूहळू मिटवतील.

माझी कसोटी निराळी होती. परवा रात्री दोनच्या सुमाराला ही उठली. दिवा न लावता, अनवाणी. मी डोळे मिटून, कान टवकारून पडलो होतो. पावलं तुकड्यावरून गेली, परत आली. कुठे अडखळली नाहीत.

सकाळी विचारलं, ‘‘रात्री पायाला सांधा लागला का?’’

‘‘कुठला सांधा?’’ ती म्हणाली.