घशाचे दुखणे आणि हृदयाची झडप

पोराचा घसा धरला, की आपण मिठाच्या गुळण्या देतो, हळद-दूध पाजतो. चार दिवसांत घसा मोकळा होतो. बहुतेक वेळा त्यात काही बिघडत नाही. पण दुखणे स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूचे असेल, तर दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना ताप भरतो. गुडघे, घोटे, कोपरे एकामागून एक सुजतात. डॉक्टर याला ऱ्हुमॅटिक ताप म्हणतात. तो ५ ते १५ वर्षांच्या मुलांत जास्त आढळतो. सांध्यांची सूज उतरते, पण हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. मग ऐन तारुण्यात धाप लागते. लेकी-सुनांच्या तर बाळंतपणात जिवावर बेतते.

हा ताप टाळता येतो, हे अमेरिकेतील वायोमिंग राज्यात वॉरन या विमानदळाच्या तळावर दिसून आले. घसा आलेल्या सुमारे ८०० जवानांना पेनिसिलीन दिले, जवळपास तेवढ्यांनाच दिले नाही. १९५० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषध न मिळालेल्यांत १७ जणांना हा ताप आला, मिळालेल्यांत फक्त दोघांना.

म्हणून घसादुखीबरोबर ताप असेल, गळ्याला गाठी आल्या असतील, तर मुलाला लगेच डॉक्टरांकडे न्यावे. त्यांनी दिलेले औषध अर्ध्यावर सोडू नये. हा ताप एकदा येऊन गेला असेल, तर दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन अनेक वर्षे घ्यावे लागते. मूल हिंडते-फिरते आहे, पेरणीची घाई आहे, म्हणून ती तारीख चुकवू नका.