अंगणाचा मेकओव्हर, पण धुळीला नो एण्ट्री!

शुक्रवारची रात्र. लॅपटॉप बॅगेत आणि तुम्ही पुण्याहून थेट वळसंगला. सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरचं गाव, आई-बाबांचं घर आणि पावसाळ्यात चिखलाने भरणारं अंगण. यंदा ठरलंय, पेव्हर ब्लॉक टाकायचेच! मधली मांडणी झकास जमते. घोडं अडतं ते तुळशी वृंदावनापाशी आणि पायरीच्या कडेला. तिथं ब्लॉक कापावे लागतात. कटर सुरू होतो आणि अर्ध्या मिनिटात अंगणभर पांढरा ढग! आई ओरडते, "अरे, तोंडाला टॉवेल तरी गुंडाळ!"

सॉरी आई, सोलापुरी टॉवेल कितीही भारी असला तरी हे काम त्याचं नाही.

ढगात असतं काय?

काँक्रीटमधल्या वाळू-खडीत सिलिका असते. कापताना तिची इतकी बारीक पूड होते की डोळ्यांना दिसतही नाही. केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन. फुप्फुसात खोल जाणारे कण त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही लहान! टॉवेल, रुमाल, ओढणी यांतून ते सहज आरपार जातात. वर्षानुवर्षं ही धूळ आत गेली तर सिलिकोसिस होतो. फुप्फुसं कडक होतात, दम लागतो, टीबीचा धोका वाढतो. बरं करणारं औषध नाही. किचन ओट्यासाठीच्या कृत्रिम दगडाने कामगार आजारी पडू लागले, तेव्हा ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्या दगडावर बंदीच आणली.

एका वीकेण्डने सिलिकोसिस होत नाही, पण घरात दम्याचा पेशंट असेल तर एक दुपारही पुरते.

पहिला फंडा : कापूच नका

आधी कागदावर मांडणी करा. कडेला तयार अर्धे ब्लॉक मिळतात का, दुकानात विचारा. उरलेल्या फटीत काँक्रीट भरा. दहा ब्लॉक कमी कापले, तेवढी धूळ कमी. सगळ्यात स्वस्त उपाय!

दुसरा फंडा : पाणी

कापायचंच असेल तर कोरडं नको. पाण्याची नळी जोडता येणारा कटर भाड्याने आणा. ब्रिटनमध्ये मिनिटाला किमान अर्धा लिटर पाणी ब्लेडवर पडावं असं सांगतात. म्हणजे बादलीभर पाणी वीसेक मिनिटांत संपणार. मध्येच पाणी संपलं तर कटर बंद! ब्लॉक नुसता भिजवून ठेवणं पुरेसं नाही, कारण आतला भाग कोरडाच राहतो. आणि शेतातला औषध फवारणीचा पंप? अजिबात नको! उरलेलं औषध तुमच्याच श्वासात जाईल.

पाणी आलं की शॉकची भीती आलीच. साध्या ग्राइंडरवर बाटलीने पाणी ओतण्याचा जुगाड नकोच. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी असलेल्या लाइनवरच काम करा, वायरचे जोड पाण्यापासून लांब ठेवा.

चार इंची ब्लेड एका दमात ६० मिलिमीटरचा ब्लॉक कापू शकत नाही. जोर लावू नका. दोन्ही बाजूंनी खाच पाडा, मग छिन्नी-हातोड्याने तोडा.

तिसरा फंडा : मास्क

एन-९५ किंवा एफएफपी-२ मास्क घ्या. नाकाची पट्टी दाबून बसवा. दाढी असेल तर फटीतून धूळ शिरते, तेव्हा वीकेण्डपुरती दाढी उतरवा! गॉगल हवा, कानांत प्लग हवेत. ऑफिसमधला सनग्लास चालणार नाही.

काम झाल्यावर

झाडू मारलात तर सगळी मेहनत वाया. राड ओला असतानाच खरवडून गोळा करा. गटारात सोडू नका, तो तिथं घट्ट बसतो. दारं-खिडक्या बंद, पोरं लांब, कपडे वेगळे धुवायचे.

आणि हो, स्वतः न करता मिस्त्री बोलावणार असाल, तर एक लक्षात ठेवा. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या यादीत सिलिकोसिसचं नाव होतं, पण तुमच्या अंगणात उकिडवा बसून ब्लॉक कापणारा माणूस कुठल्या कारखान्यात असतो? तुमच्यासाठी ही एक दुपार, त्याच्यासाठी रोजची भाकरी. चहाबरोबर त्याच्या हातात एक चांगला मास्क द्या आणि पाण्याची बादली भरून ठेवा. अंगण तुमचं चमकेल, श्वास त्याचाही राहील!